दोन झटके

दोन हजार बावीस साल. तळेगावच्या बाजूला शेतांच्या धुऱ्यावरची, बांधावरची जांभळं काळी व्हायला लागली आणि ठेकेदार रूपराव फांद्या हलवायचं मशीन घेऊन आला. पाठीवर पेट्रोलचं इंजिन, लांब दांडा, टोकाला आकडा. नीट जमलं तर पिकलेलं तेवढं पडेल, लाल फळ फांदीलाच राहील, असं तो सांगत होता.

ते जमवणं कवडूलाच माहीत. तीस वर्षं त्यानं हीच झाडं वर चढून हलवली होती. गेल्या हंगामात फांदी तुटून तो खाली पडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. रूपरावानं त्याची खाट उचलून झाडाखाली आणवली. खोडावर हात ठेवून वेग सांगायचा, एवढंच काम.

खाली चादर धरायला नेहमीसारखी त्याची बायको भागीरथा होती. समोरून मुलगा नागेश. मशीन जमलं नाही तर आज झाडावर तोच चढणार होता. सकाळपासून भागीरथा वरच्या फांद्यांकडेच बघत होती.

कवडूनं खोडावर पंजा ठेवला आणि वेग वाढवायला सांगितलं. मग अजून. मग अजून. चादरीत लाल फळांचा खच पडला, वर पानं, कोवळ्या डहाळ्या. दुसऱ्या फांदीलाही तेच. रूपरावानं वैतागून मशीन खाली ठेवलं आणि नागेशला चढायला सांगितलं.

"मशीनले जांभूळ नाई समजत," कवडू म्हणाला. "आमच्या घरच्या हातालेच समजते." वर्षभरानं त्याच्या तोंडावर हसू आलं होतं.

नागेशनं चपला काढल्या. पाय खोडाला लावला.

भागीरथानं चादर सोडली नाही. तीस वर्षं ती खाली उभी होती. वरचा प्रत्येक हिसका तिच्या मनगटापर्यंत आलेला होता.

"रूपरावभाऊ, वेग अर्ध्यावर आना," ती म्हणाली. "दोन झटके द्या. थांबा. मंग पुन्हा दोन."

जांभळं पडली. काळी, टपोरी. लाल एकही नाही.

"तुले कोनं इचारलं होतं?" कवडू म्हणाला.

"कोनीच नाई."

रूपरावाकडे आता तशी तीन मशीनं आहेत. चादरीच्या जागी जाळ्या आल्या, भागीरथाला कोणी बोलावत नाही. नागेश हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहतो. कवडू त्यानंतर दोन पावसाळे जगला. भागीरथाच्या हातचं जेवला, तिच्याच हातून अंग पुसून घेतलं, पण तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बोलायची ती. शेवटच्या दुपारी त्यानं भिंतीकडे तोंड केलेलं होतं, तेव्हाही ती दारातून रस्त्याकडे बघत त्याला सांगत होती, "नागेश येऊन राह्यला जी. फाट्यापासून पायी येऊन राह्यला."