पिवळी पट्टी

आमच्या तालुक्याच्या स्टेशनचं नूतनीकरण झालं आणि फलाटावर उंचवट्यांच्या पिवळ्या फरशीची एक लांब पट्टी आली. अंबूबाईंनी पहिल्याच सकाळी चपला काढून तिच्यावर फेरी मारली आणि सांगून टाकलं, "सरकारनं आपल्या गुडघ्यांसाठी केलं हे. तळपाय कसे मस्त दाबल्या जातात!" मग काय, रोज सकाळी तिथे अनवाणी म्हाताऱ्यांची रांग लागू लागली.

गजेंद्रला जन्मापासून दिसत नाही. त्याला अकोल्याला बँकेत नोकरी लागली, पण त्याच्या वडिलांची, रामरावांची, अट होती, "एकट्यानं गाडीत चढून दाखव, मंगच तुले तिथं एकटं राहू देतो." आज ते दूर बाकावर मुठी आवळून बसले होते. गजेंद्र काठी टेकत पट्टीवरून सरळ निघाला, तो थेट अंबूबाईंवर आदळला.

"काऊन रे घुसतं? लाइनीनं ये, अन् पहिले चपला काढ!"

"मावशी, जाऊ द्या, गाडी येऊन राह्यली. ही पट्टी आंधळ्यांसाठीच बसवली हाये."

अंबूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि झटकन सगळ्यांना बाजूला सारलं. गजेंद्र पुढे गेला आणि दाराची दांडी चाचपून एकटा डब्यात चढला. बाकावर रामरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

गाडी सुटायच्या आत अंबूबाई लगबगीनं त्याच्या खिडकीशी आल्या.

"बापू, मंग काही गुण आला काय रे डोळ्यांले?"