हसीनाचा डबा
गोवंडीतल्या आमच्या गल्लीला नळ मंजूर होता, पण सरकारने महापालिकेचं अनुदान अडवलं. परदेशातून आलेल्यांची यादी मिळाल्याशिवाय पैसा सुटणार नाही, वॉर्ड ऑफिसचा कारकून म्हणाला. “बाई, एक तरी नाव द्या.” आम्ही बहात्तरच्या दुष्काळात जालन्याहून आलेलो, शेजारचे दत्ताराम कोकणातून. समोरच्या खोलीतली हसीना कुठली, ते कुणी विचारलंच नव्हतं. मी तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात पोलीस तिला घेऊन गेले. महिन्याने नळ आला. आधी पाण्याचा टँकर जिथे थांबायचा, तिथे डब्यांची रांग कायम लावलेली असायची. बायकांनी ती होती तशीच, नंबर न मोडता, नळापाशी मांडली. हसीनाचा निळा डबाही माझ्यापुढे आला. रांग सरकली तसा मी तो पायाने ढकलत नेला. तो नळाखाली आल्यावर मागून शकू म्हणाली, “भर ना गं.” मी भरला. कुठे न्यायचा, ते कुणी विचारलं नाही.