वाटणीतली मोटारसायकल

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला गिऱ्हाईक तासाभरात येणार होतं आणि गाडी काही चालू होईना. भावाने नाइलाजाने बहिणीला बोलावलं, कारण वडिलांनी इंजिनाचं काम शिकवलं होतं ते तिलाच.

इग्निशनचे पॉइंट गंजून त्यांच्यावर काळपट पापुद्रा धरला होता. पॉलिश पेपर घेऊन ती तो खरवडत बसली.

"नखं रंगवायला बसलीयस का, ताई?" भाऊ खेकसला. "चालू झाली तर मी विकणार. नाहीतर घेऊन जा हे भंगार तुझ्या घरी, माझ्या डोक्याला ताप नको."

"तसं लिहून दे. तुझ्या जिभेला हाड नाही."

त्याने रागारागाने चार ओळी खरडून चिठ्ठी तिच्या अंगावर भिरकावली. तिने झाकण बसवलं. घामाघूम होईपर्यंत त्याने किका मारल्या, पण इंजिन साधं खोकलंही नाही. "बाबांनी तुला काय डोंबल शिकवलं," असं म्हणत चाकाला लाथ घालून तो चालता झाला.


तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती थांबली. मग झाकण उघडून, ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही पॉइंटच्या मधे सरकवलेला वर्तमानपत्राचा कपटा तिने हलकेच ओढून काढला.