गणिताचा तास

पाण्याचा टँकर चालवणाऱ्या धुळाची प्रांजल गणितात नापास झाली. त्यानं लगोलग शिकवणी लावली, घरातला टीव्ही बंद केला, जतच्या बाजारातून टेबल-खुर्चीसुद्धा आणली. तरी सहामाहीला गणित परत राहिलं, तेव्हा तो पालकसभेत सरांपुढं जाऊन बसला.

"सर, पोरगी ढ हाय का माझी?"

"छे. बाकी विषयांत पुढं आहे ती. आणि गणितात नुसती प्रांजलच नाही, वर्गातल्या सगळ्याच मुली मागं आहेत. गणिताचा तास पहिला असतो, आणि त्या तासाला मुलींचे बाक रिकामेच असतात."

"मग जात्यात कुठं?" असं धुळा विचारणार होता. तेवढ्यात त्याला आपल्याच टँकरपुढची रोजची सकाळची रांग आठवली. गणवेशातल्या पोरी, हातात घागरी.

दुसऱ्या दिवशी टँकर गावात आला तो शाळा सुटल्यावर. बायका करवादल्या. पाइप सोडता सोडता धुळा म्हणाला, "आता ह्योच टाइम. ह्या वक्ताला पोरगंबी मोकळं असतंय, त्याच्या हातात द्या की घागर."