निळी गुलछडी

रतनबाईच्या नवऱ्याची निळी गुलछडी बीडच्या फूलबाजारात गाजलेली. पांढऱ्या दांड्या निळ्या पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या, की सकाळपर्यंत रंग फुलांत चढायचा. रतनबाई मात्र चिडायची. “तोडलेल्या फुलाला रंग कावून पाजता? असलं फूल देवाला चालत न्हाई, मढ्याला बी न्हाई!” तो हसायचा. “पाणी वडतंय म्हंजी जीव हाय की त्यात.” काल संध्याकाळी त्यानं आपल्या दुकानात बादली भरली आणि पहाटे झोपेतच गेला. अंघोळ घालताना भावकीतली माणसं त्याची निळी बोटं घासू लागली. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. हारासाठी फुलं आणायला दुकानात गेलेला दीर रिकाम्या हातानं परतला. “वैनी, पांढरं न्हाईच. सगळी निळी झाल्यात.” रतनबाईनं बादलीच उचलून आणली. दांड्या नवऱ्याच्या छातीवर ठेवल्या. एकच अजून अर्धी पांढरी होती. ती तिनं परत पाण्यात उभी केली.