सोनिकाचे चार एक्सल

त्या एका लोखंडी तुकड्यातून पियूषला काय मिळणार होतं? बुटीबोरीच्या कंपनीत थेट नोकरी, कॉलेजच्या रेसिंग गाडीची कप्तानी आणि बापापुढे एकदाची ताठ मान. खर्च म्हणाल तर हाताला थोडं तेल. तेवढंही त्याला जड जात होतं.

सोनिकाला हवी होती फक्त नोकरी. कन्हानच्या घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं.

अट साधी होती. गाडीचा एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, स्वतः लेथवर कातायचा. प्रत्येकाला चार रॉड, आणि फसलेले तुकडे टाकायला आपापल्या नावाची चिठ्ठी लावलेला डबा. ज्याचा एक्सल बेअरिंगमध्ये अचूक बसेल, त्याला कंपनी उचलणार.

वर्कशॉप नत्थूजींच्या ताब्यात. तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या कामाला त्यांनी हात लावला नव्हता, आणि ताजा तुकडा कधी मोजू दिला नव्हता.

"गरम लोखंड फुगते, पोरी. रातभर माह्या कपाटात गार होऊ दे. सकाळी मोजू."

सोनिकाचा पहिला एक्सल सकाळी बराच बारीक निघाला. दुसरा थोडा बारीक. तिसरा केसभर. मायक्रोमीटर ती स्वतः वाचायची आणि तुकडा स्वतःच्या हाताने डब्यात टाकायची.

पियूष लेथपाशी दिसतच नसे. तो दिसे नत्थूजींच्या टेबलापाशी, तर्री-पोह्याचा पुडा घेऊन. नत्थूजी मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या मुदतवाढीचा कागद पियूषच्या वडिलांकडे पडून होता. ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सचिव.

"काका, लय तिखट खाऊन राहिले तुम्ही आजकाल," सोनिकाने टोमणा मारला.

"तू आपला लेथ पाहा वं. माह्या पोटाची काळजी नको करू."

चौथा रॉड तिने तीन तास कातला. पात्याचा आवाज बदलला की हात थांबवायचा, हे आता तिला कळत होतं. नत्थूजी मागे उभे राहून बघत होते.

"आज हात बसला तुहा," ते म्हणाले आणि एक्सल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिने मोजला. केसभर कमी. पुन्हा मोजला. केसभरच कमी. तिने तो डब्यात असा आदळला, की शेजारच्या लेथवरची पोरं वळून पाहू लागली.

दुपारी पियूषने आपला एक्सल टेबलावर ठेवला. आरशासारखा.

सोनिकाने नत्थूजींना कोपऱ्यात गाठलं. "खरं सांगा काका. त्याचा तुम्हीच केला ना?"

"नातवाची शपथ घेऊन सांगतो वं, मी लेथले हात नाही लावला."

नत्थूजी खोटी शपथ घेणारे नव्हते. सोनिकाची मान खाली गेली. पियूषने कधीतरी सगळे गेल्यावर मेहनत केली असेल, असं तिने मनाला समजावलं.

कंपनीचे इंजिनियर धम्मानंद सर आले. पियूषचा एक्सल बेअरिंगमध्ये लोण्यासारखा सरकला. सरांनी कागदावर त्याचं नाव लिहिलं, मग सोनिकाकडे वळले.

"तुझे फसलेलेच दाखव. हात त्यातही दिसतो. पुढच्या वर्षी एखादी जागा निघाली तर बघू."

ती मागच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या आपल्या डब्याकडे धावली. नत्थूजी काहीतरी म्हणत मागे आले, पण तोवर तिने डबा फरशीवर उलटा केला होता.

पियूषला नोकरी मिळाली. नत्थूजींना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली; कागदावर सही सकाळीच झाली होती. सोनिका गुडघ्यांवर बसून आपले एक्सल मोजत होती. एक. दोन. तीन. तिने डबा पुन्हा झटकला. टाकले होते चार वेळा, निघाले तीनच. तिसरा तिने दोनदा फेकला होता, आणि चौथा बाहेर टेबलावर होता, पियूषच्या नावाने.