सयाजीची टाइप केलेली पत्रं

"ही सयाजीची पत्रं न्हाईत," असं म्हणून दादासोंनी तिन्ही कागद सुनेपुढं टाकले.

विजयमाला भाकरी थापत होती. हात परातीतच ठेवून ती म्हणाली, "मामा, पाकीट तर फौजेतलंच हाय की. शिक्का बी हाय. आत्याबाईंनीच पोस्टमनकडनं घिऊन फोडलं."

"पाकीट खरं. आतलं खोटं. सतरा वर्सं पलटणीत काढली मी. शिपायाला घरी पत्र लिवायला मशीन कोन देतंय? आन् ते बी मराठी?"

"आता देत असतील," चुलीपाशी बसलेल्या रंगूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या टायमाला तर घोडी हुती म्हनं."

दादासोंनी कागद पुन्हा उचलले. दिवाळीपर्यंत लेकाचं वेडंवाकडं अक्षर येत होतं. मग टाइप केलेली पत्रं सुरू झाली, खाली सहीसुद्धा नाही. पहिल्यात होतं, विजयमालेला कराडच्या टायपिंग क्लासात घाला. दुसऱ्यात, परीक्षेला बसवा, पुढचे दिवस अंगमेहनतीचे नाहीत, हातात विद्या असणाऱ्याचे आहेत. परवाच्या पत्रात, पास झाल्यावर चालून आलेल्या साताऱ्याच्या टायपिस्टच्या नोकरीला नको म्हणू नका. सोमवारी सकाळी ती ऑफिसात हजर झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार होते.

"पहिलं पत्र आलं, तवा मी क्लासाची पायरी बी बघितली नव्हती," विजयमाला हळूच म्हणाली.

"म्हनूनच म्हनतो. टाइप करनारं दुसरं कोनतरी हाय." दादासोंनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "कोन हाय त्यो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तव्यावरची भाकरी करपली.

"पोरीला जेवू तर द्या," रंगूबाई म्हणाल्या.

दुपारी दादासोंनी पटका बांधला. "ऊसतोडीच्या टोळीकडं जाऊन येतो."

"जावा. मी बी जरा वेळानं कृष्णाबाईच्या देवळाकडं निघते." रोज देवदर्शनाशिवाय दुपारचा चहा नाही, हा त्यांचा वर्षभराचा नेम होता.

दादासो मलकापुरातून निघाले ते थेट शेजारच्या कराडला, क्लासाच्या जिन्यावर. क्लास चालवणाऱ्या प्रमोदिनीबाई एकट्याच होत्या. दादासोंनी पत्र पुढं केलं. "ह्ये तुमच्या हितलं हाय का, एवढंच सांगा."

बाईंनी चष्मा लावला. "मशीनचं अक्षर माणसासारखंच असतं. प्रत्येकाची खोड वेगळी." त्या एकेका मशीनवर पत्रातली पहिली ओळ टाइप करू लागल्या. पहिल्यावर अक्षरं सरळ आली. दुसऱ्यावरही. पाचव्यावर 'ल' जरा वर उडाला. पत्रातही प्रत्येक 'ल' तसाच उडालेला.

दादासोंनी हातातली काठी मशीनकडं रोखली. "ह्याच्यावर माझी सून बसती?"

"नाही. ती सकाळी येते, दोन नंबरवर. हे मशीन चारच्या बॅचचं."

"कोन असतंय त्या बॅचला?"

"एकच जण. वर्ष होईल आता. बोटं कष्टाची, राठ, पण अशी चालतात की बाकीच्या बॅचच्या पोरांना मी तेच उदाहरण देते."

"नाव?"

बाईंनी घड्याळाकडं पाहिलं. "नाव कशाला, माणूसच बघा. दोन मिनिटांत येईल. वेळ कधी चुकत नाही."

दादासोंनी खुर्ची दाराकडं वळवली. काठी गुडघ्यांत घट्ट धरली. पहिला फटका कुठं द्यायचा तेही ठरवलं.

जिना वाजला. दाराबाहेर वहाणा निघाल्या.

रंगूबाई आत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कागद पाहिला, काठी पाहिली. पदर सारखा करून त्या पाच नंबरच्या मशीनसमोर बसल्या आणि कोरा कागद चढवून त्यांनी विचारलं, "मग, सोमवारी पोरीला सातारला धाडताय, का आजून एक पत्र यिऊ दे?"